हजारो वर्षांपूर्वीची माणसं काय खात होती, कुठून आली होती, हे सांगाड्यावरून कसं कळतं?

अकलूजच्या परिसरात नीरेकाठी ऊस पिकतो आणि माळशिरस तालुक्याच्या माळरानावर ज्वारी. इथे आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाल्लेला माणूस आणि कोकणात भात-मासे खाऊन वाढलेला माणूस यांच्या हाडांची रासायनिक घडण एकसारखी नसते. या फरकावरूनच शास्त्रज्ञ प्राचीन माणसांचा आहार आणि स्थलांतर शोधतात.

हाडांत जेवणाची नोंद कशी होते?

हवेतला कार्बन दोन स्थिर रूपांत असतो, एक हलकं आणि एक जड. त्यांना समस्थानिकं म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या वनस्पती गहू, तांदूळ आणि डाळींच्या तुलनेत जड कार्बन जास्त प्रमाणात घेतात. जे खातो त्यातूनच शरीर बनतं, त्यामुळे हे प्रमाण हाडांतल्या कोलॅजन या प्रथिनात उतरतं.

नायट्रोजनवरून मांस, दूध किंवा मासे किती खाल्ले जात होते, याचा अंदाज येतो. आईच्या दुधावर असलेल्या बाळात जड नायट्रोजनचं प्रमाण आईपेक्षाही जास्त असतं. दूध सुटलं की ते उतरतं. म्हणून बाळाचं अंगावरचं दूध साधारण कधी तुटलं, हेही कळू शकतं.

स्थलांतर कसं ओळखतात?

दातांवरचं एनॅमल लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. म्हणजे दातांत बालपण नोंदलेलं असतं, तर हाडांत मृत्यूपूर्वीची काही वर्षं.

खडकातलं स्ट्रॉन्शियम माती, पाणी आणि पिकांमार्फत दातांत पोहोचतं. त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण खडकानुसार बदलतं. दातांतलं प्रमाण दफनाच्या जागेशी जुळलं नाही, तर ती व्यक्ती दुसरीकडे वाढली असावी, असा निष्कर्ष निघतो.

इनामगावच्या मुलांनी काय सांगितलं?

महाराष्ट्रातलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं इनामगाव. ते घोड नदीकाठी आहे. घोड आणि अकलूजची नीरा, दोन्ही नद्या पुढे भीमेला मिळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती होती.

इथे २०० हून अधिक दफनं सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत मूल ठेवून ते घराच्या जमिनीखाली पुरलेलं असे.

सुरुवातीच्या काळात इथे चौकोनी मोठी घरं आणि पाण्याचा कालवा होता. इ.स.पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि लोक पशुपालन व शिकारीकडे वळले, असं मत उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांनी मांडलं.

याची किंमत कोणी मोजली, हे सांगाड्यांवरून दिसतं. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या दातांचा अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडं तपासली. दात किती आले आहेत यावरून मुलाचं वय कळतं आणि हाडाच्या लांबी-जाडीवरून वाढ. वयाच्या मानाने हाड लहान असेल, तर कुपोषण किंवा आजारपणाची शक्यता असते. इनामगावच्या शेवटच्या काळातल्या मुलांमध्ये अशी खुंटलेली वाढ दिसली. बदललेल्या घरांवरून गावावर आलेलं संकट कळतं. त्या संकटात मुलांच्या पोटाला काय मिळालं, हे मात्र त्यांच्या हाडांवरूनच कळतं.

रूपकुंडचं कोडं

उत्तराखंडमधल्या रूपकुंड सरोवराकाठी शेकडो माणसांची हाडं विखुरलेली आहेत. हे सगळे एकाच वेळी, एकाच दुर्घटनेत गेले, असं दीर्घकाळ मानलं जाई. २०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचाही सहभाग होता. २३ जण भारतीय वंशाचे, १४ जण पूर्व भूमध्य भागातल्या लोकांशी नातं असलेले आणि एक आग्नेय आशियाई वंशाचा निघाला. दोन मुख्य गटांच्या मृत्यूंमध्ये सुमारे हजार वर्षांचं अंतर होतं. हाडांच्या कोलॅजनवरून त्यांचा आहारही वेगळा असल्याचं दिसलं.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

उष्ण हवामानात कोलॅजन लवकर नष्ट होतं, त्यामुळे दख्खनमधल्या अनेक हाडांत तपासण्याजोगं काही उरत नाही.

दुसरी अडचण खडकाची. बीडहून अकलूज भागात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचं उदाहरण घेता येईल. दोन्हीकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट आणि दोन्हीकडे ज्वारीची भाकरी. अशा स्थलांतराची खूण दातांत सापडणं अवघड असतं. म्हणजे खूण सापडली नाही, याचा अर्थ माणूस जागचा हललाच नाही, असा होत नाही.

शिवाय या पद्धतीने ज्वारी आणि बाजरी वेगळी ओळखता येत नाही. त्यासाठी उत्खननात सापडलेले जळके दाणे आणि प्राण्यांची हाडंही पाहावी लागतात. सांगाडा, धान्य आणि घरं या तिन्हींचा मेळ बसला, तरच निष्कर्ष भक्कम मानला जातो.