मार्च १९१२ : दोन पराभवांचा महिना

इतिहासाच्या पुस्तकांत इसवी सन १९१२ चा मार्च महिना सहसा आढळत नाही. त्याच्या पाठोपाठ आलेल्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ नौका बुडाली आणि त्या एका आपत्तीने आधीचे सारे झाकून टाकले. तथापि ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या नावाबरोबर ‘गिरमिट’ हा शब्द उच्चारला जातो, त्या आपणांस या महिन्याची तारीखवार आठवण ठेवण्यास सबळ कारण आहे.

जगात त्या वेळी बरेच काही उलटेपालटे होत होते. चीनमध्ये शेकडो वर्षांची बादशाही नुकतीच संपली होती व १० मार्च रोजी युआन शिकाई याने पेकिंग येथे प्रजासत्ताकाच्या हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली. १३ तारखेस सर्बिया व बल्गेरिया यांनी तह केला आणि त्याच वर्षीच्या बाल्कन युद्धाची पायाभरणी झाली. लंडनमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी १ व ४ मार्चला दुकानांच्या काचा फोडल्या. इंग्लंडातील सुमारे दहा लक्ष कोळसा-कामगार संपावर होते. त्या संपापुढे ब्रिटिश पार्लमेंटला नमावे लागले व महिना संपण्यापूर्वी खाणकामगारांच्या किमान वेतनाचा कायदा झाला. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

न्यूझीलंडचे डोळे मात्र दक्षिणेकडे लागले होते. कॅप्टन स्कॉटची ‘टेरा नोवा’ नौका नोव्हेंबर १९१० मध्ये लिटलटन बंदरातून निघाली होती. ७ मार्चला अमुंडसेन होबार्टला पोहोचला आणि दक्षिण ध्रुव आपण आधीच गाठल्याचे त्याने जगास कळविले. स्कॉट व त्याचे सोबती त्याच महिन्यात बर्फावर मरणाशी झुंजत होते, हे कोणास ठाऊक नव्हते. त्याच्या रोजनिशीतील शेवटची नोंद २९ मार्चची आहे. या मोहिमेसाठी हिंदुस्थान सरकारने सात खेचरे धाडली होती. गुलाब, बेगम, खानसाहेब अशी त्यांची नावे मोहिमेच्या इतिहासात आदराने नोंदलेली आहेत. फिजीच्या मळ्यावरील गोऱ्या मुकादमास मात्र आपले लोक ‘कूलंबर’ म्हणत. मजुरांचे नंबर पुकारणारा, म्हणून हा शब्द झाला असे सांगतात.

आता कलकत्त्याकडे वळू. राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली होती. सोमवार, ४ मार्च रोजी वरिष्ठ कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी गिरमिट पद्धती समूळ बंद करावी असा ठराव मांडला. गोखले रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळही याच कोकणपट्टीत आहे. फिजीची भरती कलकत्ता व मद्रास येथील डेपोंतून होई. बंदर कोणतेही असो, कागद एकाच जातीचा होता.

त्या कागदाची चिरफाड गोखल्यांनी वकिलाच्या थंडपणाने केली. करार करणारा निरक्षर, त्याला त्या देशाची भाषा ठाऊक नाही, कायदा ठाऊक नाही, मालक कोण हे ठाऊक नाही; आणि असा करार मोडल्यास शिक्षा मात्र फौजदारी! पाच वर्षे बांधलेला मजूर कामावर न गेला तर दंड किंवा तुरुंग. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया न्याव्यात या नियमामुळे झालेली कुटुंबांची दुर्दशा आणि मळ्यांवरील आत्महत्या यांकडेही त्यांनी बोट दाखविले. ही पद्धत राष्ट्राचा अपमान करणारी आहे, हे त्यांच्या भाषणाचे मर्म होते. इंग्लंडातील खाणकामगार काम बंद ठेवून कायदा मिळवीत होता. त्याच महिन्यात फिजीतील ऊसतोड्या एक दिवस गैरहजर राहिला तर गुन्हेगार ठरत होता. राज्य दोघांवर एकाच बादशहाचे!

या ठरावाचा न्यूझीलंडशी संबंध काय, असे कोणी विचारील. ऑकलंडजवळ बर्कनहेडच्या किनाऱ्यावर चेल्सीचा साखर कारखाना १८८४ पासून उभा आहे. फिजीतील गिरण्यांची मालक असलेली सिडनीची कोलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी १८८८ पासून त्याचीही मालक होती, व फिजीची कच्ची साखर तेथे शुद्ध होई. दिवसाचे काम पुरे करील त्या पुरुषास एक शिलिंग व स्त्रीस नऊ पेन्स, या दराने तोडलेल्या उसाची गोडी या देशातील चहात उतरत होती.

मते मोजली गेली. ठरावाच्या बाजूने २२, विरुद्ध ३३. मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. निकाल आधीच ठरलेला होता. तरीही यश येईपर्यंत हा ठराव पुनःपुन्हा आणला जाईल, असे गोखल्यांनी सरकारला बजावले. १९१० साली नाताळमधील भरती बंद करण्याचा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला होता, हे ध्यानात घेता ही पोकळ धमकी नव्हती.

पंधरवड्याने, १९ मार्चला, त्यांचा दुसरा पराभव झाला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस द्यावा, एवढीच माफक मागणी करणारे त्यांचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आपल्या पिढीस अपयशांतूनच देशाची सेवा करावी लागणार, या अर्थाचे त्यांचे उद्गार या प्रसंगीचे. इतिहासकार हे दोन पराभव वेगवेगळ्या प्रकरणांत लिहितात. मला ते एकच वाटतात. ज्या अंगठ्यावर आरकाट्याचा धंदा चालत होता, तो अंगठा शाई पुसून लेखणी धरील, हीच दोन्हींमागची खटपट होती. सरकारने करारही ठेवला आणि अंगठाही.

महिन्याचे उरलेले दिवस झपाट्याने सरले. २८ तारखेस वेलिंग्टन येथे सर जोसेफ वॉर्ड पायउतार होऊन टॉमस मॅकेंझी पंतप्रधान झाले. ३० तारखेस मोरोक्कोचा सुलतान फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. १ एप्रिलपासून कलकत्ता राजधानी उरली नाही.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा कायदेमंडळापुढे आणला; या वेळी लॉर्ड हार्डिंग यांनी तो मान्य केला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ‘सतलज’ ही गिरमिटियांची शेवटची नौका फिजीस लागली. १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेसुरले करार रद्द झाले. दोन वर्षांनी, १९२२ साली, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची धुरा त्यांच्यामागे वाहणारे श्रीनिवास शास्त्री न्यूझीलंडला आले. येथील हिंदी लोकांना समान नागरिकत्व मिळावे, हा त्यांचा विषय होता.