फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर : पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन, राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण होऊन सर्व वयांच्या रुग्णांना प्राथमिक आरोग्यसेवा देणारी नर्स. ती रुग्ण तपासते, रोगनिदान करते, चाचण्या सांगते आणि औषधे लिहून देते. नर्स प्रॅक्टिशनरांचे पहिले प्रशिक्षण १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी सुरू केले. ते मुलांच्या आरोग्यापुरते होते. पुढे त्यात सबंध कुटुंबाची सेवा आली. ज्या खेड्यांत डॉक्टर मिळत नाही तेथे ही नर्स म्हणजेच दवाखाना असतो, म्हणून तिच्या शिक्षणातील उणीव थेट रुग्णाला भोवते.

अभ्यासक्रमाआधी शाखा ठरवावी लागते. २००८ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार प्रत्येक नर्स प्रॅक्टिशनरची तयारी विशिष्ट रुग्णगटासाठी होते, आणि तिचा परवाना व प्रमाणपत्र त्या गटाशी बांधलेले असतात. ‘फॅमिली’ शाखा प्राथमिक सेवेसाठी आहे. अतिदक्षता विभागात काम करू इच्छिणाऱ्या नर्सने केवळ नोकऱ्या अधिक दिसतात म्हणून ती घेतली, तर पुढे तीव्र आजारांच्या शाखेचे वेगळे प्रमाणपत्र घेण्यासाठी पुन्हा शिकावे लागते.

पदव्या मुख्यतः दोन : मास्टर ऑफ सायन्स इन नर्सिंग (एमएसएन) आणि डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस (डीएनपी). नर्सिंगची पदवी असलेल्यांना पूर्ण वेळ शिकून पहिलीला साधारण दोन ते तीन, दुसरीला तीन ते चार वर्षे लागतात. अन्य शाखेत एमएसएन झालेल्यांसाठी छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये अशी शिफारस केली की २०१५ पर्यंत ही तयारी डॉक्टरेट पातळीवर न्यावी. तरीही प्रमाणपत्र परीक्षेसाठी एमएसएन पुरते. अध्यापन किंवा संस्थेचे नेतृत्व करायचे असेल तर डीएनपी सार्थ ठरते. रुग्णसेवा हेच ध्येय असेल तर एमएसएन करून कामाला लागणे आणि गरज वाटल्यास नंतर पुढे शिकणे अधिक शहाणपणाचे.

अधिस्वीकृती तपासणे ही पहिली अट. सीसीएनई, एसीईएन आणि सीएनईए या नर्सिंग शिक्षणाला अधिस्वीकृती देणाऱ्या संस्था होत. ती नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधराला प्रमाणपत्र परीक्षेला बसताच येत नाही.

प्रत्येक अभ्यासक्रमात प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र, प्रगत औषधशास्त्र व प्रगत शारीरिक तपासणी हे तीन विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात, त्यामुळे विषयांच्या यादीवरून निवड होत नाही. खरा फरक क्लिनिकल प्रशिक्षणात असतो. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची किमान मर्यादा ५०० वरून ७५० वर नेली. कृत्रिम रुग्णांवरील सराव त्या ७५० तासांत धरला जात नाही. हे तास ‘प्रिसेप्टर’च्या, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत असलेल्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टरच्या हाताखाली पूर्ण करायचे असतात. काही विद्यापीठांचे रुग्णालये व दवाखान्यांशी करार असतात आणि विद्यार्थ्याला जागा नेमून मिळते. इतर ठिकाणी प्रिसेप्टर शोधण्याचे ओझे विद्यार्थ्यावरच येते. त्यासाठी दवाखान्यांकडे विनंत्या करत फिरावे लागते, प्रसंगी मध्यस्थाला पैसे मोजावे लागतात, आणि जागा न मिळाल्यास सत्र वाया जाते. प्रवेश देऊन शुल्क घेणाऱ्या संस्थेने शिकण्याची जागाही द्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून प्रवेशापूर्वी ‘प्रिसेप्टर कोण शोधणार, आणि न मिळाल्यास काय होते?’ याचे लेखी उत्तर मागावे. मिळणारे अनुभवही विविध हवेत. सगळे तास एकाच तातडीच्या दवाखान्यात गेले, तर अर्भके, गरोदर स्त्रिया आणि जुनाट आजारांचे वृद्ध रुग्ण हाताखालून जातच नाहीत. प्राध्यापक प्रशिक्षणस्थळी येऊन विद्यार्थ्याचे काम पाहतात का, हेही विचारावे.

ऑनलाइन अभ्यासक्रमांत व्याख्याने घरी ऐकता येतात, पण क्लिनिकल तास प्रत्यक्षच भरावे लागतात, तेही बहुधा विद्यार्थी राहतो त्या राज्यात. त्यामुळे विद्यापीठाला त्या राज्यात शिकवण्याची परवानगी आहे का, हे तेथील नर्सिंग मंडळाकडून खात्री करून घ्यावे. व्यवसायाचे अधिकारही राज्यागणिक बदलतात. वॉशिंग्टन, ओरेगन आणि ॲरिझोना राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्रपणे काम करता येते, तर टेक्ससमध्ये औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरशी करार लागतो.

प्रमाणपत्र परीक्षा दोन संस्था घेतात : एएनसीसी आणि एएएनपीसीबी. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सलग काही वर्षांचे पाहावे, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण अभ्यासक्रम पूर्ण करतात याच्याशी ते ताडून पाहावे. निम्मे विद्यार्थी वाटेत गळाले असतील, तर उरलेल्यांच्या चांगल्या निकालाला फारसा अर्थ राहत नाही. खर्चात प्रति-क्रेडिट शुल्काबरोबर प्रयोगशाळा शुल्क, विद्यापीठाच्या फेऱ्या आणि कामाचे तास घटल्याने बुडणारा पगार धरावा.

महाराष्ट्रातून जाऊ इच्छिणाऱ्या नर्सपुढे काही जास्तीच्या पायऱ्या असतात. या अभ्यासक्रमांना सामान्यतः बीएससी नर्सिंग लागते. जीएनएम पदविका पुरत नाही. गुणपत्रके आणि महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची नोंदणी यांची पडताळणी करून घ्यावी लागते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि अमेरिकी परवान्यासाठी एनक्लेक्स-आरएन उत्तीर्ण व्हावे लागते. पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी एफ-१ विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. भारतात परतल्यावर या अमेरिकी प्रमाणपत्राच्या बळावर स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकारही मिळत नाही.