वळिवडे कॅम्प

लग्नाचा बस्ता बांधायचा झाला की कोल्हापूर-सांगलीकडची माणसं गांधीनगर गाठतात. कापडाची एवढी मोठी घाऊक पेठ या भागात दुसरी नाही. खरेदीला आलेल्या बहुतेकांना ठाऊक नसतं की ज्या जागेवर ही पेठ उभी राहिली, तिथं १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं एक पोलिश गाव नांदत होतं. शाळा, चर्च, दवाखाना, बेकरी, नाटकं, स्काउटांच्या कवायती, सगळं पोलिश भाषेत. वस्ती पाच हजारांच्या आसपास. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आमच्याकडचे जुने लोक त्याला नुसतं ‘कॅम्प’ म्हणत. ‘कॅम्पाच्या वेळी’ म्हटलं की काळ कळायचा.

माझी आजी वळिवड्याची. कॅम्प आला तेव्हा ती परकरी पोर होती. तिच्या वडिलांकडं म्हशी होत्या. पहाटे दुधाची चरवी घेऊन ते बराकींकडं निघायचे आणि ही मागोमाग. आजी सांगायची, “गोऱ्या होत्या, पर सायबिणी न्हवत्या. सायबीण हुकूम सोडती. ह्या बाया भाव करायच्या.” आकडे मराठीत शिकल्या होत्या, ‘महाग’ हा शब्दही. कोथिंबीर वर घातल्याशिवाय भाजीवालीला सोडायच्या नाहीत.

तिनं पाहिलेली एक गोष्ट मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली. एका बराकीच्या ओसरीवर एक बाई पाव कापत बसलेली असायची. पाव छातीशी धरायचा आणि सुरी आपल्याच अंगाकडं ओढायची. आजीला भीती वाटायची, आता हिला लागणार. कापून झालं की मांडीवरच्या फडक्यात पडलेला चुरा ती बोट ओलं करून एकेक कण टिपायची आणि तोंडात टाकायची. समोर अख्खा पाव पडलेला असताना. आजीनं वडिलांना विचारलं, ही असं का करती? ते म्हणाले, “भूक बघितल्याली माणसं हायती ती.” दुष्काळात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नव्हतं.

ती भूक कुठली, हे मला पुष्कळ पुढं वाचून कळलं. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पोलंडच्या पूर्व भागात घुसल्या. १० फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडं धाडण्यात आली. लाकूडतोड, खाणी, शेतं, आणि खायला तुकडा. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच चाल केली, तेव्हा स्टालिनला दोस्त हवे झाले. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला आणि या माणसांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता, ते कुणी सांगितलं नाही.

जनरल आंदेर्स पोलिश फौज उभारत होते. ती दक्षिणेकडं जाते आहे, एवढंच ऐकून अशक्त माणसं हजारो मैल तुडवत तिच्या मागं निघाली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून बोटी कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला लागल्या. लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली, त्यात सदतीस हजारांच्या आसपास साधी, बिनफौजी माणसं. पण ती बाहेर पडली तेही चाळणीतून गाळून. पूर्व पोलंडातले ज्यू, युक्रेनी, बेलारूसी हे आता आमचेच नागरिक, असं मॉस्कोनं आधीच जाहीर केलं होतं. त्यातल्या फार थोड्यांना बोटीवर पाय ठेवता आला. जानेवारी १९४३ मध्ये तर मागं उरलेल्या सगळ्याच पोलिश लोकांना सोव्हिएत नागरिक ठरवलं गेलं. दार बंद. वळिवड्याला जी पाच हजार पोचली, ती दार किलकिलं होतं तेवढ्यात निसटलेली.

आमच्या भागात अजून एक गोष्ट सांगतात. पोलिश पोरांचं जहाज बंदरोबंदर फिरत होतं, कुणी उतरवून घेईना, शेवटी जामनगरच्या महाराजांनी हाक दिली. गोष्ट सुंदर आहे आणि तिच्यातले महाराज खरे आहेत. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळच्या बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना बापाच्या मायेनं सांभाळलं. पण त्यातली पहिली मुलं जहाजानं आलीच नव्हती. अश्गाबातहून मशहदमार्गे डोंगरी रस्त्यानं ट्रकमधून ती हिंदुस्थानात शिरली, काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली आणि मग बालाचडीला गेली. मला हा ट्रकचा रस्ता जहाजाच्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो. त्यात एक राजा नाही, पुष्कळ माणसं आहेत: ट्रक हाकणारे, वाटेत चहा पाजणारे, आजारी पोरं उचलून नेणारे. त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत.

वळिवड्याचा कॅम्प बालाचडीपेक्षा निराळा. जागा कोल्हापूर संस्थानातली, देखरेख इंग्रज सरकारची आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावावर. मुक्काम लढाई संपेपर्यंतचा. पुष्कळ जण कराचीच्या बंदरात उतरून, तिथल्या छावणीत काही दिवस काढून इकडं आले.

कॅम्प उघडला त्याच १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीनं मेली, आणि राज्य याच इंग्रज सरकारचं होतं. हिटलरच्या छळातून सुटून आलेल्या काही ज्यूंना त्यांच्या हातातल्या जर्मन पासपोर्टाकडं बोट दाखवून शत्रुराष्ट्राचे ठरवलं गेलं आणि पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत ठेवलं गेलं. म्हणजे एकाच लढाईतले, एकाच मुलखात आलेले दोन परागंदा: एकाला वळिवड्याची बराक, दुसऱ्याला पुरंदरचा पहारा. आम्ही कोल्हापूरकर अतिथिधर्माचा अभिमान सांगतो, आणि गावानं तो पाळला हे खरं आहे. सरकारचा हिशोब मात्र पासपोर्टावर चालला होता.

कॅम्पाबद्दल आजीला आठवायचं ते सगळं जिवंत होतं. बायका सायकली चालवायच्या, आणि गावातल्या सासवा सुनांना तिकडं बघू द्यायच्या नाहीत. पोरं पंचगंगेत डुंबायची. नाताळाच्या रात्री बराकींतून गाणी ऐकू यायची आणि गावातली माणसं बांधावर बसून ती ऐकायची. कोल्हापूरच्या पोरांशी लग्न करून काही मुली इथंच राहिल्या, नऊवारी नेसल्या, पोळ्या लाटायला शिकल्या. जी माणसं कॅम्पात वारली, ती कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या सरकाराला मान्यता दिली. लंडनचं पोलिश सरकार एका रात्रीत कुणाचंच राहिलं नाही. ज्यांच्या नावावर वळिवड्याचा खर्च पडत होता तेच उरले नाहीत, आणि कॅम्पातली माणसं देशावाचून झाली. त्यांची घरं होती तो मुलूख आता सोव्हिएत हद्दीत गेला होता. परत जा म्हणणं म्हणजे ज्यांनी मालगाडीत कोंबलं त्यांच्याच हवाली होणं. तरी काहीजण गेले, कुणाची आई तिकडं होती, कुणाची पोरं. उरलेल्यांनी नकार दिला. १९४६ च्या अखेरीस बालाचडी बंद झालं आणि तिथली मुलंही वळिवड्यात आली.

मग याद्या सुरू झाल्या. १९४७ मध्ये ब्रिटननं पोलिश सैनिकांना वसवण्याचा कायदा केला. इटलीत माँटे कॅसिनोला लढलेल्या आंदेर्सच्या फौजेचं ते देणं होतं. त्या फौजेत तुमचा बाप, नवरा, भाऊ असेल तर तुम्हाला इंग्लंड. नसेल तर आफ्रिकेतला दुसरा कॅम्प, नाहीतर जो देश घेईल तो. सैबेरियाची भूक दोघांची सारखी, मालगाडीही तीच. वळिवड्यात भिंतीला भिंत लावून पाच वर्षं काढलेली. फरक एवढाच की एकीचा बाप फौजेपर्यंत पोचला होता आणि दुसरीचा वाटेत बर्फात राहिला.

आजीच्या भाषेत ते असं होतं: “ज्येचं कोन फौजंत हाय त्यो विलायतंला. ज्येचं कोन न्हाई त्यो कुटं, ते त्येलाच म्हाईत न्हाई.” पाव कापणाऱ्या बाईचं फौजेत कुणी नव्हतं. ती कुठं गेली ते आजीला कळलं नाही. जाताना तिनं चूल सारवून ठेवली होती, असं आजी सांगायची. ते सारवण ती गावातल्या बायकांकडूनच शिकली होती.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून उठलेली माणसं त्यांत आली आणि कॅम्पाचं गांधीनगर झालं. ज्यांच्या दुकानातून आमच्या घरात बस्ता येतो, ते काका बराकीतच लहानाचे मोठे झाले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर त्यांच्या वडिलांनी बोट धरली. पोलिश लोक ज्या कराचीत उतरले होते, त्याच कराचीतून ही माणसं निघाली. मुंबईला उतरून, एका छावणीतून दुसरीत असं करत ती वळिवड्याला आली. काका सांगतात, “चटईच्या भिंती. बाजूच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. आई म्हणायची, बरं आहे, एकटं नाही वाटत.”

काकांचे चुलते मागं राहिले होते, दुकान विकायला. ते आले तोवर १९ जुलै १९४८ उलटून गेली होती. त्या दिवशी भारत सरकारनं पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू केलं. त्याचा मुख्य रोख दंगलीत जीव वाचवायला पाकिस्तानात गेलेल्या आणि आता स्वतःच्या घरी परतू पाहणाऱ्या मुसलमानांवर होता. दिल्लीतली कितीतरी घरं त्या परमिटावाचून कायमची फुटली. पण तारीख पडली ती सगळ्यांनाच लागू. ती पुढं संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदातही उतरली. १९ जुलैच्या आधी आलात तर आपोआप नागरिक, नंतर आलात तर सहा महिन्यांचं वास्तव्य दाखवून अर्ज करा आणि नाव नोंदवा. एकाच आईचे दोन मुलगे, एका बराकीत, एक नागरिक आणि एक अर्जदार. चुलत्यांची नोंद झाली. त्या कागदाची घडी झिजून फाटली, तरी मरेपर्यंत तो त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचा, असं काका म्हणतात.

आता पोलंडबद्दल, कारण त्यावाचून वळिवड्याची गोष्ट मला पुढं सांगता येत नाही.

पोलंड कोल्हापूरला विसरलेलं नाही. शहरात महावीर उद्यानात कॅम्पाच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ मध्ये कॅम्पात वाढलेले वृद्ध पुन्हा वळिवड्याला आले. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं गेले होते. २०२२ मध्ये युक्रेनमधून जीव घेऊन निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पोलंडनं व्हिसाशिवाय आत घेतलं, आणि लाखो युक्रेनी लोकांसाठी तिथल्या साध्या माणसांनी घरं उघडली. हे ऋण मी मनापासून मानते.

पण त्याच देशाच्या पूर्व सीमेवर, बेलारूसच्या बाजूला, १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभी आहे. मार्च २०२५ पासून त्या सीमेवर आश्रयाचा अर्ज करण्याचा हक्कच स्थगित आहे. कायदा सांगतो, साठ दिवसांसाठी. संसदेच्या संमतीनं ही स्थगिती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. एकटी मुलं, गरोदर बायका, आजारी आणि वृद्ध यांना सूट आहे. परत पाठवलं तर जिवाला खरा धोका असेल त्यांनाही. तो धोका खरा की खोटा, हे भिंतीपाशी उभा असलेला पहारेकरी ठरवतो.

पोलंडची भीती खोटी नाही. २०२१ मध्ये बेलारूसमधल्या लुकाशेंकोच्या राजवटीनं इराक, सीरियातली माणसं मिन्स्कला आणू दिली आणि शेजाऱ्याला छळायला सीमेकडं लोटली. २०२४ मध्ये भिंतीतून झालेल्या चाकूहल्ल्यात एक तरुण पोलिश सैनिक गेला. त्याच्या आईपुढं मी अतिथिधर्माची भाषा बोलणार नाही. पण ज्या बेलारूसनं माणसं लोटली, त्याच्या हातात ती माणसं परत ढकलायची, आणि मधल्या बियालोविएझाच्या जंगलात, दलदलीत, थंडीत ती मरू द्यायची, याला संरक्षण म्हणायला माझी जीभ उचलत नाही. १९४२ मध्ये कॅस्पियन ओलांडणारी माणसंही एका हुकूमशहाच्या सोयीनं सुटली होती. त्याचा डाव काय, हे पहलवीच्या किनाऱ्यावर त्यांना कुणी विचारलं नाही. आधी उवा काढल्या, अंघोळ घातली, पेज पाजली. याद्या पुढं झाल्या, आणि त्या याद्यांनी अन्यायही केला. पण तोवर माणसं जिवंत होती आणि त्यांच्या डोक्यावर कौलं होती.

आपणही या बाबतीत हात झटकून मोकळे नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही, आणि आश्रय मागणाऱ्याला दाखवता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडं आजही नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे त्या-त्या वेळचं सरकार ठरवतं.

तरी पोलंडला विचारायचा एक हक्क वळिवड्याला आहे. पुढच्या खेपेला पाहुणे येतील, हार-तुरे होतील, भाषणं होतील. तेव्हा गावातल्या कुणीतरी उठून त्या भिंतीबद्दल विचारावं. राजदूतांपुढं अवघडल्यासारखं होईल, पाहुण्यांशी असं बोलतात का, असं कुणी म्हणेल. पण आमच्या आजोळच्या माणसांनी त्यांच्या आया-आज्यांना पाच वर्षं दूध घातलं आहे, त्यांच्याशी कोथिंबिरीवरून भांडणंही केली आहेत. एवढं विचारण्याइतकं नातं तिथं आहे.