मागे राहिलेले हत्ती

अंदमान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम सेल्युलर तुरुंग आणि सावरकरांची कोठडी उभी राहते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु १८५८ साली इंग्रजांनी तेथे बंदिवानांची वसाहत वसविली तेव्हापासून काळे पाणी ओलांडून गेली ती केवळ माणसेच नव्हेत. ज्या अरण्यात रानडुकराहून मोठा असा एकही भूचर पशू मुळात नव्हता, तेथे लाकूड ओढण्यासाठी हत्ती नेले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी साहेबलोकांच्या शिकारीच्या हौसेसाठी चितळे सोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर उत्तर अंदमानातील लाकूडतोडीचा मक्ता एका खासगी कंपनीकडे होता. पडौकाचे नि गर्जनाचे अजस्र ओंडके साखळदंडांनी ओढीत खाडीकाठी आणणाऱ्या हत्तींवरच तो सारा कारभार चाले. १९६२ साली या कंपनीचे दिवाळे निघाले आणि सुमारे ४० हत्ती इंटरव्ह्यू नावाच्या, अवघ्या १३३ चौरस किलोमीटरांच्या बेटावर माहुतावाचून, अंकुशावाचून मागे राहिले. त्यांना मोकळे केले असे म्हणणे मला जड जाते. त्यांना टाकून दिले, हाच शब्द खरा.

पुढे जे घडले त्याचा दोष हत्तींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भूक लागली की हत्ती सुळ्याचे टोक सालीत खुपसतो, सुटलेली कड सोंडेत धरतो आणि लांबच लांब पट्टी वरवर ओरबाडीत नेतो. बुंध्याभोवतीची साल अशी चोहोबाजूंनी निघाली की पानांतला अन्नरस मुळांपर्यंत पोहोचेनासा होतो आणि झाड उभ्याउभ्या वाळून जाते. विस्तीर्ण अरण्यात कळप पुढे सरकतो आणि तोडलेले रान पुन्हा धरते. येथे मात्र पुढे समुद्र. वेत, बांबू नि केवडा यांचा बेटावर ऱ्हास होत गेला. आणि वाळलेल्या झाडाच्या जागी उगवू पाहणारे कोवळे रोप चितळांनी खुडून नेले. एकाने म्हातारे झाड मारावे आणि दुसऱ्याने बाळरोप वाढू देऊ नये, अशा दुहेरी पेचात ते रान सापडले.

चितळांना आवर घालण्याचा प्रयत्न पन्नाशीच्या दशकात झाला होता. त्यासाठी दोन बिबटे अंदमानात सोडण्यात आले, आणि दोन्ही माद्या होत्या! त्यांची वंशवेल वाढणार कशी? माणसाकडूनही चितळांना आळा बसला नाही: अंदमानातील जारवा या आदिवासींच्या परंपरेत रानडुकराची शिकार आहे, हरणाची नाही. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळाला जे संरक्षण मुख्यभूमीवर दिले, ते या परक्या बेटांवरही त्याला लाभले.

इंटरव्ह्यू बेटावर पुढे जन्मलेल्या पिलांना साखळदंडाचा स्पर्श कधी झालाच नाही. ज्यांच्या आया माहुताच्या हाकेवर बसत आणि उठत, ती पिले माणसाची चाहूल लागताच रानात शिरू लागली, आणि आज त्यांची गणना रानटी हत्तींतच होते.