मुहूर्त आणि आकाशवाणीची वेळ

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावात घड्याळात बारा वाजतात तेव्हा माध्यान्ह झालेली नसते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि मुळगाव त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक. अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य इथे सरासरी 34 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. या फरकावर बोट ठेवून असे म्हणता येईल की प्रमाणवेळेने, आणि ती घरोघर पोचवणाऱ्या रेडिओच्या ठोक्यांनी, गावाची जुनी कालगणना मोडली. मला हे पटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंचांगातल्या मुहूर्ताला खरा आधार दिला तो त्याच ठोक्यांनी.

जुन्या काळी मुहूर्ताचे साधन होते घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाणी भरलेल्या घंगाळात सोडायची. ती बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटे, झाली. अशा घटका मोजत बसायला माणूस लागे. चावीचे घड्याळ आले आणि ते काम सुटले, पण अडचण दुसऱ्या बाजूने आली. लंबकाचे घड्याळ हवापाण्यानुसार मागेपुढे होते आणि आठवड्यात काही मिनिटे सहज चुकते. मुहूर्त मात्र मिनिटापर्यंत दिलेला. घटिकापात्राची मोजणी निदान रोज सूर्योदयापासून नव्याने सुरू करता येई. भिंतीवरच्या घड्याळाची चूक दाखवायला घरात काहीच नव्हते. 5 फेब्रुवारी 1924 रोजी बीबीसीने ग्रिनिच वेधशाळेच्या वेळेचे सहा ठोके प्रसारित करायला सुरुवात केली आणि बातम्यांआधी ठोके देण्याची रीत पुढे आकाशवाणीनेही चालवली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि जानेवारी 1962 मध्ये पणजीहून आकाशवाणी बोलू लागली. मग स्वस्त ट्रान्झिस्टर आले. शेवटच्या ठोक्याला काटा जुळवला की गावातले घड्याळ आणि पंचांग एकाच वेळेची भाषा बोलू लागत.

यावर पहिला आक्षेप असा की देवळाचा चौघडा, चर्चची घंटा आणि अंगणातली सावली यांवर चालणाऱ्या गावाला सेकंदांशी काय देणेघेणे? शेतीच्या कामापुरते हे खरेच आहे. पण मुहूर्ताला मिनिटे लागतातच, आणि चौघडा किंवा घंटा वाजवणाऱ्यालाही कुठले तरी घड्याळ पाहावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रमाणवेळ वरून लादलेली होती. 1 जानेवारी 1906 ला ती लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी विरोध केला आणि 39 मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहरात पुढे कित्येक दशके टिकली. तो राग रास्त होता, कारण लोकांना विचारलेच नव्हते. मात्र पंचांगकर्त्यांनी त्यातून वाट काढली. प्रमाणवेळ घेतली, तिथी सूर्योदयावरच ठेवली आणि गावोगावचा फरक गणिताने सोडवला. म्हणूनच मुळगावच्या केळबाई देवीची बहीण मानली जाणारी शिरगावची देवी लईराई हिची जत्रा आजही वैशाख शुद्ध पंचमीलाच भरते. घड्याळाने तिथीला धक्का लावला नाही.

टेलिफोनवरचे बोलके घड्याळ या गोष्टीत उशिरा येते. पॅरिसमध्ये ते 14 फेब्रुवारी 1933 ला सुरू झाले, लंडनमध्ये 24 जुलै 1936 ला. आपल्याकडे शहरांत 174 फिरवला की वेळ ऐकू येई. खेड्यांत टेलिफोन सर्रास व्हायला नव्वदचे दशक उजाडले. तोवर रेडिओनेच ते काम केले होते. आता मोबाइल आपली वेळ स्वतःच जुळवून घेतो आणि पॅरिसची सेवा 1 जुलै 2022 ला बंद झाली. प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करतेच आहे. पण ठोक्यावर घड्याळ लावणारी पिढी म्हातारी झाली आहे. मुळगाव, शिरगाव, मये इथल्या पुरोहितांच्या घरी एखादे घटिकापात्र माळ्यावर पडले असेल, तर ते मोडीत घालू नका. आणि रेडिओ आल्यावर मुहूर्त कसा साधत, हे घरातल्या थोरांना विचारून आताच लिहून ठेवा.