कोकणातील विंचूदंश व प्रतिविषाची मर्यादा

औषध म्हणून दिलेले प्रथिन जिवंत पेशीच्या आत पोहोचविणे हा जीवरसायनशास्त्रातील एक बिकट प्रश्न होय. पेशीपटल स्निग्ध द्रव्यांचे असल्यामुळे एवढे मोठे रेणू त्यातून सहसा पार होत नाहीत. परंतु बाहेरच राहणारे प्रथिन प्राण कसे वाचविते आणि कोठे हतबल ठरते, हे रत्नागिरी व तिच्या शेजारच्या मुलखातील विंचूदंशाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

जांभ्या दगडांच्या फटीत व गवतात वावरणारा तांबडा विंचू या प्रदेशाचा जुना वैरी. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली त्याच्या एका उपजातीस कोकणाचेच नाव दिले. त्याच्या विषातील लहान प्रथिने मज्जातंतूंच्या पटलावरील सोडियमच्या मार्गिकांना चिकटतात व त्या वेळेवर मिटू देत नाहीत. मग ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात उतरतो. दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील अशा फुप्फुसग्रस्त रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत.

रत्नागिरीच्या उत्तरेस, महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध येथे योजिले. त्यासंबंधीचा त्यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाहूनही खाली गेले. प्राझोसिन विषाला हात लावीत नाही. ते रक्तवाहिन्यांवरील ग्राहके अडवून त्या लोंढ्याचा परिणाम रोखते.

प्रतिविषाचे कार्य निराळे. बेरिंग व कितासातो यांनी १८९० साली दाखविलेल्या रक्तजलोपचाराचेच ते अपत्य. घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांचे हे खंड सुमारे एक लक्ष डाल्टन भाराचे, तर प्राझोसिनचा रेणू अवघा ३८३ चा! तरीही येथे आकार आड येत नाही, कारण विषाचा आघातच पटलाच्या बाह्यांगावर होतो. महाड येथील ७० रोग्यांच्या चाचणीत (२०११) सर्वांना प्राझोसिन दिले व त्यांतील ३५ जणांना जोडीला प्रतिविष. दहा तासांच्या आत या गटातील ३२ जण बरे झाले, दुसऱ्यातील केवळ ८. यावरून प्राझोसिन निरुपयोगी ठरले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. केवळ प्रतिविषाची परीक्षा या चाचणीत झालीच नव्हती. शिवाय आधीच रक्तात उतरलेले ॲड्रिनॅलिन प्रतिविषाच्या आवाक्यात नसते.

घटसर्पात हीच मर्यादा अधिक कठोर होते. त्याचे विष पेशीत शिरते, आणि एकदा ते आत गेले की प्रतिविष त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १९८८ साली एड्सच्या विषाणूचे टॅट हे प्रथिन बाहेरून पेशीत प्रवेश करते असे दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे आढळले व त्या वाटेने औषधी प्रथिने आत नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. विंचूदंशाच्या रोग्यास मात्र त्याची वाट पाहावी लागत नाही; त्याला प्राझोसिन व जोडीला रक्तजल वेळेवर मिळणे महत्त्वाचे.