नागपूरच्या वाटेवरील एक थडगें

नागपूरच्या विधानभवनाजवळ वालुकाश्माचा एक स्तंभ व घोड्यांचे पुतळे उभे आहेत. 'झीरो माइल' या नांवानें तें स्थळ सर्वांस ठाऊक आहे. तेथील सर्वेक्षणाच्या शिलेवर 'जी. टी. एस.' हीं अक्षरें व १९०७ हें साल कोरलेलें आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचीं हीं आद्याक्षरें होत. त्या उद्योगाचा जनक मात्र नागपुरास पोहोंचण्यापूर्वींच वाटेवर मरण पावला.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ च्या एप्रिलमध्यें मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची आधाररेषा मोजून कामास आरंभ केला. पद्धत समजण्यास सोपी, पण करण्यास कष्टाची होती. एक रेषा अचूक मोजावी. तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या टेकडीवर दुर्बीण रोखून कोन घ्यावे. उरलेल्या बाजू गणितानें काढाव्या, आणि त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचावे. अशा रीतीनें डोंगरावरून डोंगरावर, नद्या ओलांडीत, त्रिकोणांची सांखळी उत्तरेकडे सरकूं लागली. सर्व भिस्त अर्ध्या टनाच्या एका थिओडोलाइट यंत्रावर होती. १८०८ सालीं तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवितांना तें भिंतीवर आदळून वांकलें. लॅम्बटननें स्वतः खपून सुमारें सहा आठवड्यांत तें पुन्हां कामाजोगें केलें.

नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीच्या लढाईंत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, आणि राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं गेला. पुढें लॅम्बटननें आपला तळ हैदराबादेहून नागपुरास हलविण्याचें ठरविलें. वय सत्तरीच्या घरांत, प्रकृति ढांसळलेली. तरी तो निघाला. २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला, व तेथेंच त्याला पुरण्यांत आलें.

त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यानें ती सांखळी पुढें नेली. १८४१ च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचें काम पुरें झालें. १८६५ सालीं जगांतील सर्वोच्च शिखरास शिष्याचें नांव मिळालें. गुरूच्या वांट्यास हिंगणघाटची चार हात जमीन आली.

नकाशा ही वरवर निरुपद्रवी वस्तु वाटते. वैनगंगेच्या खोऱ्यांतील कोहळी लोकांस पाण्याचा उतार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, व त्या ज्ञानावर त्यांनीं तलाव बांधले होते. तें ज्ञान शेतासाठीं होतें. हें नवें मोजमाप राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीं होतें. मोजलेल्या मुलखावर सारा बसविणें व फौज नेणें सोपें जातें. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि नागपूरचें राज्य खालसा झालें.

परंतु १९४७ सालीं तें साम्राज्यही गेलें, आणि मोजमाप येथेंच राहिलें. पुढें याच भूमीवर धरणें व कालवे आंखण्यास त्याचा पाया उपयोगीं पडला. सत्तेसाठीं मिळविलेलें खरें ज्ञान अखेर लोकांच्याही कामीं येतें, याची साक्ष हिंगणघाटचें तें थडगें देत आहे.